विकासदर छापताना अर्धी ओळ जास्त छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

देशाच्या विकासदराची बातमी आली की पुढचे चार दिवस तो आकडा सगळीकडे फिरतो. कट्ट्यावर, अमृततुल्यात, शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिकांत आणि महाविद्यालयांतल्या सादरीकरणांत. कुणी तो मिरवतो, कुणी नाक मुरडतो. तो कोणत्या किमतींनी मोजला, पायाभूत वर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि चौकट धरून मोजणी होते ते) कोणते, आणि हा कितवा अंदाज, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारले तरी बातमीत ते सापडत नाही. विकसनशील देशांच्या वाढीचा आणि विकासाचा अभ्यास करायला निघालेल्या विद्यार्थ्यांची घसरगुंडी बहुधा इथूनच सुरू होते, म्हणून हे लांबलेले पत्र.

२०२३-२४ हे एकच वर्ष घ्या. जानेवारी २०२४ मध्ये पहिला आगाऊ अंदाज आला, ७.३ टक्के. फेब्रुवारीअखेर दुसरा आला, ७.६. मेअखेरच्या हंगामी अंदाजात ८.२ झाले आणि फेब्रुवारी २०२५ मधल्या पहिल्या सुधारित अंदाजात ९.२. वर्ष तेच, पायाभूत वर्षही तेच (२०११-१२), आणि चौदा महिन्यांत जवळजवळ दोन टक्क्यांचे अंतर. यात लबाडी शोधायची गरज नाही. जानेवारीत सांख्यिकी खात्याच्या हाती वर्षाचे सात-आठ महिनेच असतात. पिकांचे सुरुवातीचे अंदाज, औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक, सूचीबद्ध कंपन्यांचे तिमाही निकाल, जीएसटीची वसुली, सिमेंट-पोलादाचा खप अशा खुणांवरून मागच्या वर्षाचा आकडा पुढे ओढला जातो. कंपन्यांचे ताळेबंद, सरकारचे प्रत्यक्ष हिशेब, कारखान्यांची वार्षिक पाहणी हे सगळे नंतर येते. गावाकडच्या वाचकांना हे पटकन कळेल, कारण पिकांची पैसेवारीही (पीक कसे आले याचा सरकारी अंदाज) आधी नजरअंदाजाने, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशीच लागते. नजरअंदाज पैसेवारीवर कुणी कर्जमाफीचा अंतिम हिशेब करत नाही. आपले विद्यार्थी मात्र जानेवारीचा भारताचा आकडा आणि पाच वर्षे दुरुस्त्या होऊन मुरलेला व्हिएतनामचा आकडा एका तक्त्यात शेजारी बसवतात.

दुरुस्ती किती मोठी असू शकते याचा आणखी एक दाखला नोटाबंदीच्या वर्षाचा. २०१६-१७ चा दर आधी ७.१ टक्के होता, जानेवारी २०१९ मध्ये तो ८.२ झाला. त्या दोन आकड्यांवर दोन पूर्ण वेगळे निबंध लिहिता येतात, आणि लिहिले गेलेही.

टक्केवारीचे अंकगणित थोडक्यात. वाढ चक्रवाढीने होते, तेव्हा सत्तरला दराने भागले की दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात. सात टक्क्यांना दहा वर्षे, साडेतीन टक्क्यांना वीस. पण माणसाच्या ताटात काय पडले हे पाहायचे तर आधी लोकसंख्यावाढ वजा करावी लागते. साडेतीन टक्के वाढ आणि दोन टक्के लोकसंख्यावाढ असेल तर दरडोई दीड टक्का उरतो आणि दुपटीला सत्तेचाळीस वर्षे लागतात. पहिल्या तीन दशकांत आपण साधारण याच चालीने चाललो. एवढा भागाकार केला तरी त्या काळाबद्दलची बरीच भाषणे अनावश्यक ठरतात.

खरी गोम आहे ती ‘स्थिर किमती’, म्हणजे भावातले चढउतार वगळून केलेला हिशेब, या शब्दांत. कल्पनेतला एक कारखाना भोसरीत उभा करू. वर्षाला १०० लाखांचे सुटे भाग विकतो, ६० लाखांचे पोलाद घेतो. वीज, तेल वगैरे सोडून देऊ. मूल्यवर्धन झाले ४० लाख, आणि देशाच्या उत्पन्नात हे चाळीसच मोजले जातात. पुढच्या वर्षी त्याच यंत्रांवर, त्याच कामगारांनी तेवढेच नग काढले, पोलादही तेवढेच लागले. फक्त पोलाद २० टक्क्यांनी स्वस्त झाले आणि ते पाहून गिऱ्हाईक कंपनीने नगाचा दर ५ टक्क्यांनी पाडला. आता विक्री ९५ लाख, पोलाद ४८ लाख, मूल्यवर्धन ४७ लाख. हे स्थिर किमतींत आणण्यासाठी फक्त तयार मालाच्या भावाने भागले तर ४७ भागिले ०.९५ म्हणजे ४९.५ लाख येतात. वाढ जवळजवळ २४ टक्के! वर्कशॉपमध्ये एक नगही जास्त निघालेला नाही. योग्य रीत अशी की विक्री तिच्या भावाने आणि कच्चा माल त्याच्या भावाने, असे वेगवेगळे भागायचे. ९५ चे १०० होतात, ४८ चे ६०, वजाबाकी पुन्हा ४०. वाढ शून्य. याला डबल डिफ्लेशन म्हणतात. २०११-१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत कारखानदारीला ही दुहेरी रीत लावलेली नव्हती. घाऊक किमतींच्या निर्देशांकाने एकदाच भागले जाई. म्हणून २०१४ च्या उत्तरार्धात कच्चे तेल कोसळले तेव्हा कारखानदारीच्या वाढीबद्दल अर्थतज्ज्ञांत इतकी हमरीतुमरी झाली. उलट कच्चा माल महागला की हीच पद्धत वाढ कमी दाखवते. पोलाद २० टक्क्यांनी आणि नग ५ टक्क्यांनी महाग धरून तोच हिशेब करा, उत्तर उणे २१ टक्क्यांच्या आसपास येईल. कारखाना अजूनही तोच आहे. हे एक उदाहरण फळ्यावर दोनदा सोडवले तर वाढीच्या सिद्धांतांची तीन प्रकरणे वाचण्याइतका उपयोग होतो, असे आमचे मत आहे.

पायाभूत वर्ष बदलले की याहून मोठे धक्के बसतात. घानाने २०१० मध्ये १९९३ ऐवजी २००६ हे वर्ष धरले आणि देशाचे उत्पन्न एका दिवसात सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. काल कमी उत्पन्नाचा असलेला देश आज निम्न-मध्यम उत्पन्नाच्या गटात! नायजेरियाने २०१४ मध्ये १९९० सोडून २०१० धरले तेव्हा २०१३ चे उत्पन्न ८९ टक्क्यांनी फुगले आणि त्याने दक्षिण आफ्रिकेला मागे टाकले. कारण अगदी साधे आहे. १९९० च्या चौकटीत मोबाइल फोन नव्हता आणि तिथला चित्रपट-उद्योगही धड नव्हता. त्यांचे वजन शून्याच्या जवळ, मग ते कितीही वाढोत, एकूण आकड्यात दिसणार कुठून? रस्त्यावरची माणसे आदल्या दिवशी होती तेवढीच गरीब किंवा श्रीमंत होती. आपल्याकडेही जानेवारी २०१५ मध्ये नवी मालिका आली आणि २०१३-१४ चा दर ४.७ वरून ६.९ वर गेला.

इथे होणारी चूक अशी की संकेतस्थळावरून जुनी मालिका उतरवायची, नवी उतरवायची, आणि एकाखाली एक चिकटवून आलेख काढायचा. मग जोडाच्या वर्षी उंच पायरी दिसते आणि विद्यार्थी तिला ‘सुधारणांचा परिणाम’ म्हणतो. दोन्ही मालिकांत असलेले एक सामाईक वर्ष घ्यावे. त्या वर्षी जुनी ८० आणि नवी १०० दाखवत असेल तर जुनी सगळी १.२५ ने गुणावी. जुने वाढदर तसेच राहतात, फक्त पातळी जुळते. शेती-उद्योग-सेवा यांचे हिस्से मात्र अशा गुणाकाराने जुळत नाहीत, कारण नव्या मालिकेत उद्योगाची व्याख्या आणि माहितीचा स्रोतच बदललेला असतो.

देशादेशांची तुलना हा वेगळा सापळा. २०१७ मध्ये बाजारात डॉलरला सरासरी ६५.१२ रुपये पडत होते. जागतिक किंमत तुलना कार्यक्रमाच्या हिशेबात मात्र अमेरिकेत एका डॉलरला येणाऱ्या वस्तू-सेवा भारतात २०.६५ रुपयांना येत होत्या. पेठेतल्या सलूनमधली कटिंग आणि न्यूयॉर्कमधली कटिंग यांच्या दरांत जे अंतर असते तेच हे. तेव्हा बाजारदराने काढलेले आपले दरडोई उत्पन्न क्रयशक्तीच्या हिशेबात तिपटीहून अधिक होते. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रश्न वेगळे. तेल आयात करायचे असेल तर बाजारदर, ताटात किती पडते हे पाहायचे असेल तर क्रयशक्ती. आणि क्रयशक्तीच्या आकड्यांवरून एखाद्या देशाचा वाढदर काढू नये. पेन वर्ल्ड टेबल्स हा देशोदेशींच्या उत्पन्नाच्या आकड्यांचा, संशोधकांचा आवडता संग्रह आहे. त्यात उत्पन्नाचे वेगवेगळे स्तंभ दिलेले असतात. राहणीमानाच्या तुलनेसाठी एक, उत्पादनक्षमतेच्या तुलनेसाठी दुसरा, आणि देशांतर्गत वाढीसाठी त्या देशाच्या स्वतःच्या किमतींवर बेतलेला तिसरा. टिपण न वाचता पहिला दिसेल तो स्तंभ उचलला की पुढचे सगळे समीकरण वाया जाते. जागतिक बँकेच्या दारिद्र्यरेषेचेही तेच. रोज माणशी १.९० डॉलर, मग २०२२ मध्ये २.१५, मग जून २०२५ मध्ये ३ डॉलर. या पायऱ्यांमागे नव्या किंमत-पाहण्या आहेत, शेवटच्या वेळी शिवाय बऱ्याच गरीब देशांनी आपापल्या राष्ट्रीय रेषाही वर नेल्या होत्या. हे क्रयशक्तीचे डॉलर आहेत. त्यांना आजच्या विनिमयदराने गुणून ‘रोज अडीचशे रुपये’ असे छापणे चूक आहे.

दारिद्र्याच्या मोजणीबद्दल पुण्यात तरी जास्त सांगायला लागू नये. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रोजचे २,२५० उष्मांक ही किमान गरज धरून हिशेब मांडला आणि १९६०-६१ च्या खर्चावरून ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के, शहरांतले सुमारे ५० टक्के लोक त्याखाली असल्याचे दाखवले. त्यांचा कच्चा माल होता राष्ट्रीय नमुना पाहणी. आणि त्या पाहणीत प्रश्न कसा विचारला यावर गरिबी वर-खाली होते. १९९९-२००० च्या फेरीत अन्नावरचा खर्च ‘गेल्या सात दिवसांत’ आणि ‘गेल्या तीस दिवसांत’ असा शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला गेला. सात दिवसांचे माणसाला नीट आठवते, तीस दिवसांचे विसरते. पण दोन्ही एकाच बैठकीत विचारले की सांगणारा आणि लिहिणारा मिळून दोन्हींचा मेळ घालतात. तीस दिवसांचा आकडा त्यामुळे वर सरकला आणि गरिबी ३६ टक्क्यांवरून २६.१ वर आलेली दिसली. त्यातला खरा उतार किती आणि रकान्याचा किती, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. २०२२-२३ च्या पाहणीत एकाच घरी तीन महिन्यांत तीन वेगवेगळ्या भेटी दिल्या. एकदा अन्न, एकदा इतर उपभोग्य वस्तू आणि सेवा, एकदा टिकाऊ वस्तू. ग्रामीण दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये आणि शहरी ६,४५९ रुपये निघाला. एका बैठकीत दोन-अडीच तास बसून दिलेली उत्तरे आणि तीन भेटींतली उत्तरे यांची सरळ तुलना होत नाही. ‘अकरा वर्षांत खर्च इतक्या पटींनी वाढला’ असे वाक्य लिहिण्यापूर्वी हे लिहायला हवे.

रोजगाराच्या आकड्यांत तर सगळा खेळ उंबऱ्यावर होतो. पाहणी करणारा दारात उभा राहून विचारतो, ‘ताई, तुम्ही काय काम करता?’ उत्तर ठरलेले असते, ‘काही नाही, घरीच असते.’ झाले, सांकेतांक ९२, म्हणजे फक्त घरकाम, श्रमशक्तीच्या बाहेर. तोच माणूस पायरीवर टेकला आणि त्याने दिवसाचा क्रम विचारला, की पहाटे दोन म्हशींच्या धारा, डेअरीला दूध, गोठा, दुपारी कांद्याची खुरपणी असे एकेक बाहेर येते. मग तीच बाई सांकेतांक २१ मध्ये, म्हणजे घरच्या व्यवसायातली बिनपगारी मदतनीस, श्रमशक्तीच्या आत. मुख्य काम घरकाम असले तरी वर्षातले किमान तीस दिवस असे काम केले तर दुय्यम काम म्हणून ते धरायचे असते. सीमारेषाही चमत्कारिक आहे. रानातून फुकट आणलेल्या गवताची मोळी ९३ मध्ये (घरकाम आणि सोबत फुकट गोळा करणे, श्रमशक्तीच्या बाहेर) जाते, आणि त्याच गवतावरच्या म्हशीची धार २१ मध्ये. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. यातली वाढ मुख्यतः स्वयंरोजगार आणि बिनपगारी मदत यांतून आलेली आहे. हा नवा रोजगार, अडचणीतून शेतीकडे वळणे, की प्रश्न नीट विचारला जाणे? बहुधा तिन्ही थोडे थोडे. कुणी एकच कारण छातीठोकपणे सांगत असेल तर त्याने २१ आणि ९३ वेगळे करून पाहिले का, एवढे विचारावे.

याचा सिद्धांताशी थेट संबंध आहे. आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलेले प्रतिमान सगळे पाठ करतात. शेतीतले जादा मनुष्यबळ हळूहळू कारखान्यांकडे जाते आणि देश वर येतो. आपल्याकडे २०१८-१९ मध्ये कामकऱ्यांपैकी ४२.५ टक्के शेतीत होते, २०२३-२४ मध्ये ४६.१. प्रवाह उलटा! शेतीचा उत्पन्नातला वाटा सुमारे १८ टक्के, म्हणजे शेतीबाहेरच्या माणसामागे होणारे मूल्यवर्धन शेतीतल्या माणसामागच्या जवळजवळ चौपट. एवढे अंतर असूनही माणसे तिकडे का जात नाहीत, हा आपल्या अर्थशास्त्राचा खरा प्रश्न आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये इथल्याच डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन बजावले होते की विलायती पाठ्यपुस्तकांतले नियम परिस्थिती न पाहता इकडे लावता येत नाहीत.

जिल्ह्याच्या पातळीवर उतरले की एककाचा प्रश्न येतो. दरडोई जिल्हा उत्पन्नात मुंबई, ठाणे, पुणे वर आणि नंदुरबार, वाशीम, गडचिरोली तळाशी, हे सर्वांना ठाऊक आहे. पण जिल्हा उत्पन्न मोजतात ते उत्पादन जिथे झाले तिथले. बीडचा ऊसतोड कामगार इंदापूर-बारामतीकडच्या फडात कोयता चालवतो, त्याची मोजदाद इकडे होते. त्या कमाईतून उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) फिटते, घर चालते, पोर शिकते ते बीडमध्ये, आणि बीडच्या खात्यावर त्यातले काही चढत नाही. बँका आणि मुख्यालये यांचे उत्पन्न तर बरेचसे जिल्ह्याजिल्ह्यांत वाटून दिलेले असते. राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीने याचसाठी उत्पन्नाऐवजी रस्ते, सिंचन, दवाखाने, शाळा, पाणीपुरवठा अशा मोजता येणाऱ्या गोष्टी घेतल्या आणि राज्याच्या सरासरीपासून जिल्हा किती मागे, त्यावरून सुमारे ३,१८७ कोटींचा अनुशेष काढला. २०१३ च्या केळकर समितीने तालुका हे एकक धरण्याकडे कल दाखवला. जिल्हा धरला तर पुणे पुढारलेले. तालुका धरला की वेल्हे वेगळे दिसू लागते. उत्तर एककात दडलेले असते.

आता विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांकडे. एम.ए.च्या प्रकल्पात शंभर प्रश्नावल्या ही जणू वेदातली संख्या झाली आहे. बचतगटात असलेल्या पन्नास, नसलेल्या पन्नास, आणि निष्कर्ष ‘सक्षमीकरण झाले’. (प्रश्नावली गुगल फॉर्मवर, व्हॉट्सॲपने पाठवलेली. विषय ग्रामीण महिला. असो.) हिशेब असा आहे. दोन गटांतला फरक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत त्या मापाच्या) पाचव्या हिश्श्याइतका असेल, आणि तो खरोखर असेल तेव्हा दहापैकी आठ वेळा तरी सापडावा असे वाटत असेल, तर सोळाला ०.२ च्या वर्गाने भागायचे. ४०० आले. हे प्रत्येक गटात. शिवाय एकाच गावातली माणसे एकमेकांसारखी असतात. तोच पाऊस, तोच बाजार, तीच शाळा. एका गावातून वीस घरे घेतली आणि त्यांच्यातले साम्य (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे अगदी सारखे) फक्त ०.०५ धरले, तरी नमुना १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ पटीने वाढवावा लागतो. एका बाजूला ७८० घरे, ३९ गावे. शंभर प्रश्नावल्यांत एवढा फरक सापडण्याची शक्यता फारच कमी, आणि सापडलाच तर तो बहुधा फुगलेला. प्रयोगाधारित अभ्यासांना २०१९ मध्ये नोबेल मिळाल्यापासून हे प्रकल्प वाढले, हा भागाकार मात्र सोबत आला नाही.

शंभर घरांत करण्यासारखे काम दुसरेच आहे. तीच घरे पुन्हा पुन्हा पाहणे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या मोजक्या गावांत हे केले. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझारा आणि किनखेडा ही त्यांतली आपली गावे. दर गावी चाळीस कुटुंबे. दहा भूमिहीन, दहा लहान, दहा मध्यम, दहा मोठे शेतकरी. माहिती घेणारा गावातच राहायचा आणि तीन-चार आठवड्यांनी घरटी फेरी मारायचा. या चाळीस-चाळीस घरांच्या नोंदींवर जगभरच्या विद्यापीठांत शोधनिबंध उभे राहिले. एका वर्षी घरचे उत्पन्न बुडाले तरी खाणेपिणे त्या प्रमाणात बुडत नाही, ते गावाच्या सरासरीबरोबर हलते. एका गावात भूमिहीनांना हा आधार कमी मिळतो. लेक लांबच्या गावी देण्यामागे पावसाची जोखीम विभागण्याचा हिशेब असतो. बैल विकणे ही दुष्काळातली बचत मोडण्याची रीत असते. शिरापूर हे नाव परदेशी प्राध्यापकांना ठाऊक आहे आणि तीन-चार तासांच्या अंतरावरच्या पुण्यातल्या अभ्यासक्रमांत ते क्वचितच सापडते.

आणि आपल्या तर अंगणातच जुन्या पाहण्या पडून आहेत. इथल्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गाव घरोघर मोजले, १९१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. १५६ खातेदार, जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे, त्यांतले ४६३ एकरापेक्षा लहान. सरासरी धारणा १७७१ मधल्या ४० एकरांवरून ७ एकरांवर आलेली. (तेव्हाचा ‘खातेदार’ आणि आताचा एकाच मापाचे धरायचे का, हा प्रश्न विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी विचारावा.) धनंजयराव गाडगिळांच्या देखरेखीखाली १९३६-३७ मध्ये पुणे शहराची कुटुंबवार नमुना पाहणी झाली, १९५३-५४ च्या सुमारास फेरपाहणी झाली. गोखले संस्थेच्या ग्रंथालयात हे खंड आहेत. पिंपळे सौदागरात आज मनोरे उभे आहेत. त्या ४६३ तुकड्यांचे काय झाले, कुणी कितीला विकले, पैसा कुठे गेला, पुढची पिढी आज काय करते, हे सात-बारा, फेरफार नोंदी आणि मुलाखती यांतून दोन वर्षांत काढता येईल. विद्यापीठाने चार महाविद्यालयांना चार वाड्या-वस्त्या नेमून दिल्या आणि दर पाच वर्षांनी त्याच घरांत जायचे ठरवले, तर खर्च एखाद्या परिषदेच्या मंडपाएवढाही येणार नाही.

गावांत जाणाऱ्यांसाठी काही व्यवहारी सूचना. क्षेत्र गुंठ्यांतच विचारावे आणि घरी येऊन चाळिसाने भागावे. लोकांना दशांशातले एकर सांगता येत नाहीत. धान्य पायलीत सांगितले तर वजनकाटा जवळ हवा, कारण पायली हे आकारमानाचे माप आहे, ज्वारीची आणि भाताची पायली एका वजनाची भरत नाही. घरच्या शेतातला चारा म्हशीला घातला तर त्याची बाजारभावाने किंमत धरावी, नाहीतर दूधधंदा कागदावर सोन्याची खाण दिसतो. मजुरीची वर्षावर्षांची तुलना करताना शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने भागावे. घाऊक निर्देशांकाने भागले की उत्तर भलतेच येते, कारण घाऊक बाजारात पोलादही असते आणि मजूर पोलाद खात नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे मागणे लहान आहे. विकासदर, दारिद्र्य, बेरोजगारी यांचा आकडा छापताना त्याच्या खाली बारीक टाइपात अर्धी ओळ द्यावी. मेअखेरच्या त्या बातमीखाली ती अशी छापता आली असती : ‘२०२३-२४, स्थिर किमती, पायाभूत वर्ष २०११-१२, हंगामी अंदाज, आधीचे अंदाज ७.३ आणि ७.६.’ बेरोजगारीच्या आकड्याखाली ‘नेहमीची स्थिती’ (गेल्या वर्षभरातले काम) की ‘चालू आठवडा’ (गेल्या सात दिवसांतले) एवढे तरी यावे, कारण २०२३-२४ मध्ये पहिल्या मापाने ३.२ टक्के येतात आणि दुसऱ्याने ४.९. जागा नसेल तर शेजारच्या बाणाचे चित्र काढून टाकावे.

आपले,
अर्थशास्त्र शिकवणारे काही जण,
एरंडवणे, पुणे